नाव ठेवायला जागा

ताई पहिलं खोटं मुद्दाम बोलली नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात तिची बाजू घ्यायला दुसरं फारसं काही सापडणार नाही.

झालं ते असं. मैदानावर सरावाचा दिवस होता. तिचा धाकटा भाऊ तिसरी फेरी अर्धी टाकून परत आला. तो मोटोक्रॉस चालवायचा, म्हणजे मातीच्या टेकाडांवरून आणि खड्ड्यांतून उड्या मारत गाडी हाणायची ती शर्यत. लहानपणी एका जागी दोन मिनिटं टिकायचा नाही म्हणून घरात त्याला भिंगरी म्हणत. आता सव्वीस वर्षांचा बाप्या झाला, दाढी आली, तरी नाव तेच राहिलं होतं. त्याने गाडी स्टँडवर चढवली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, “मागून लाथ मारतेय. ब्रेक दाबला की लाथ. गाढव पाळलं असतं तर वर्षभरात एवढ्या लाथा बसल्या नसत्या.”

ताई स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या शॉकपाशी, चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यापाशी, गुडघ्यावर बसली. शॉकला खाली एक छोटा स्क्रू असतो. दबलेलं चाक किती वेगाने परत खाली यावं हे तो ठरवतो. फिरवला की टिक टिक वाजतो आणि किती फिरवला ते त्या आवाजावर मोजायचं. ताईने टोक खाचेत बसवलं, तेवढ्यात शेजारच्या तंबूतला पहिलवान ग्रीसचा डबा मागायला आला. हा पहिलवान म्हणजे शंभर किलोंचा स्वार. त्याच्याखाली गाडी दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. ताईने उठून डबा दिला, त्याचे दोन विनोद ऐकून घेतले, परत आली, हात पुसला आणि सवयीने म्हणाली, “झालं. दोन क्लिक सोडलेत.”

भिंगरी गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे हसत होते. “आता कशी सुतासारखी सरळ झाली बघ! याला म्हणतात हात.”

घड्याळात फेरीमागे दोन सेकंद कमी झाले होते. ताईने वही उघडली, तारीख लिहिली, आणि पेन थांबलं. स्क्रू तिने फिरवलाच नव्हता.

ही वही म्हणजे ताईचा नेम. बाबा गेल्यावर वर्कशॉप तिच्या हाती आलं, त्यासोबत वहीही आली. काम असो नसो, आजारी असो, पाहुणे असोत, दिवस मावळायच्या आत नोंद झालीच पाहिजे. कुठला स्क्रू किती फिरवला, तेल किती घातलं, कोणती स्प्रिंग टाकली. आणि वहीत खोटं लिहायचं नाही. बाबा म्हणायचे, तोंडाने सांगितलेलं खोटं वाऱ्यावर जातं, पण वहीतल्या खोट्यावर उद्याचं सगळं काम उभं राहतं. ताईने हा नेम अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही. तिने “दोन क्लिक” लिहिलं नाही. तारखेपुढे एक शून्य काढलं आणि वही मिटली.

तिने त्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण आदल्या वर्षी तो पडला होता. मैदानावरच्या सगळ्यात मोठ्या उडीवर गाडी हवेत तिरकी झाली, आणि गळ्याजवळचं हाड मोडलं, तीन बरगड्या मोडल्या. सात महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. उठला, पुन्हा गाडीवर बसला, पण उडीच्या आधी त्याचा हात आपोआप मागे यायला लागला. हे डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतं. इंजिनाचा चढता सूर उडीच्या तोंडाशी पाऊण सेकंद आधी मान टाकायचा. मग उडी तोकडी पडायची, चाक उताराऐवजी माथ्यावर आपटायचं, आणि भिंगरी येऊन म्हणायचा, गाडी लाथ मारते.

आणि त्या दिवशी, सात महिन्यांनी आणि वर तीन महिन्यांनी, तो पहिल्यांदा हसला होता.

मग दुसऱ्या वेळी तिने मुद्दाम केलं. स्क्रू दोन क्लिक सोडायचा, टिक टिक. तो पाणी प्यायला वळला की दोन क्लिक परत आवळायचा. “बघ बरं आता.” तो जायचा, परत यायचा, “हां! आता कसं.” वहीत शून्य. तिसऱ्या वेळी शून्य. एखादं लहान मूल पडलं की आपण फरशीलाच दोन चापट्या मारतो ना, तसं तिचं चाललं होतं. फरशीचं काही जात नाही, मूल गप्प होतं.

पण मूल रोज पडायला लागलं. दोन सेकंदांची कमाई महिन्याभरात विरली. आता त्याला दर फेरीला काहीतरी लागायचं. पुढचं जड वाटतंय, मागचं तरंगतंय, वळणावर नाक आत शिरतंय. ताई बसायची, टिक टिक करायची, उठायची.

आईने एकदा विचारलं होतं. आई मागच्या अंगणात त्याचे मातीने भरलेले कपडे घासत होती. ब्रश न थांबवता म्हणाली, “काय गं, त्याला बरं वाटतंय?”

“वाटतंय की. परवा हसत होता.”

“वाटतंय ते दिसतंय मला. बरं झालंय का, ते विचारतेय.”

ताईने बादली उचलली आणि पाणी आणायला गेली. बादली भरलेलीच होती.

*

मोसमातली शेवटची निवड-शर्यत आठ दिवसांवर आली. पहिले वीस जण पुढच्या वर्षी मुख्य गटात, बाकीच्यांनी घरी बसायचं किंवा खालच्या गटात कोवळ्या पोरांबरोबर पळायचं. भिंगरीने जेवताना सांगून टाकलं, “वीसमध्ये आलो तर आलो. नाही आलो तर गाडी विकून टाकायची. सव्विसाव्या वर्षी पोरांच्या मागून धूळ खायची मला हौस नाही.” आईने त्याला न विचारता आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई शर्यतीची तयारी करायला बसली. अशा वेळी सगळे स्क्रू पूर्ण आवळून किती क्लिक बाहेर आहेत ते मोजायचं आणि वहीशी ताडून पाहायचं, ही रीत आहे. मागचा खालचा स्क्रू वहीप्रमाणे बारावर. तिने आवळत आणला. एक, दोन, तीन, चार. पुढे फिरेना. तिला वाटलं माती अडकली. साफ केला, पुन्हा सोडून पुन्हा मोजला. चार. वरचा स्क्रू चौदावर हवा, तो एकोणीसवर. मग पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्या. या दोन्ही सारख्याच हव्यात, सख्ख्या बहिणींसारख्या नव्हे, एकाच माणसाच्या दोन पायांसारख्या. डावीकडे दहा, उजवीकडे तेरा.

ताई तशीच जमिनीवर बसून राहिली. या गाडीला वर्कशॉपमध्ये दोनच माणसं हात लावत होती, आणि त्यांतली एक ती स्वतः.

भिंगरी आत आला तेव्हा स्क्रूड्रायव्हर अजून तिच्या हातात होता.

“तू हात लावलास?”

त्याने खुर्ची ओढली, उलटी करून बसला. “लावला.”

“कधीपासून?”

“वही वाचली तेव्हापासून. महिना झाला असेल.” तो आवाज न चढवता बोलत होता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा. “टायरमध्ये हवा किती भरतो आपण ते बघायला उघडली होती. आधी वाटलं, शून्य म्हणजे त्या दिवशी काम झालं नाही. मग तारखा जुळवल्या. मी म्हणालो होतो ना, आता कशी सरळ झाली? त्या दिवसापुढे शून्य. पहिलवानासमोर तुझं कौतुक केलं, त्या दिवसापुढे शून्य. त्रेपन्न, ताई. मोजली मी. काय घराणं आहे आपलं! फसवायचं तेही टापटिपीत, तारीखवार.”

“अरे, मला वाटलं…”

“माहीत आहे काय वाटलं. भिंगरीच्या डोक्यात भूत आहे, गाडीत नाही.”

ताईने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मग महिनाभर मला का म्हणत होतास, बरं झालं, आता चांगली चालतेय?”

“तू गुडघ्यावर बसायचीस. एवढं टिक टिक करायचीस. वाईट दिसलं असतं.”

बाहेर कुणीतरी मोपेडला किक मारत होतं, आणि ती सुरू होत नव्हती.

“तू जेवायला गेलीस की मी स्वतः फिरवायचो,” तो म्हणाला. “मला कुठे त्यातलं कळतं? एक दिवस आत, एक दिवस बाहेर. आंधळ्याने भिंत चाचपावी तसा. पण ऐक. लाथ मारते ती. तू शंभर शून्यं काढ, पण मारते. डोक्यात भूत असेल, नाही असं नाही. पण पाठीत बसते ती लाथ खरी आहे. तू एकदाही गाडी उघडून बघितलं नाहीस.”

हे ऐकताना मात्र ताईला कुठे लपता आलं नाही. कारण ते खरं होतं. ज्या दिवशी तिला कळलं की काही न करताही काम होतं, त्या दिवसापासून तिने काम केलंच नव्हतं.

“पहिल्यापासून करू,” ती म्हणाली. “सगळं सुटं करू. नवीन गाडी आली असं समजून.”

त्याने खांदे उडवले, पण उठून जॅकेट काढून खिळ्याला अडकवलं.

*

त्यांनी मापापासून सुरुवात केली. स्वार अंगावर सगळा साज चढवून गाडीवर बसला की गाडीची मागची बाजू किती दबते, ते आधी बघतात. त्यासाठी गाडी कुणीतरी सरळ धरून उभं राहावं लागतं. आईला बोलावलं. आई ओल्या हातांनीच आली आणि तिने हँडल धरलं. भिंगरी हेल्मेट, बूट, छातीचं चिलखत घालून बसला, आणि ताईने चाकाच्या मधोमधपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत टेप लावला.

“एवढं मापून मी त्याला कधी सदरा शिवला नाही,” आई म्हणाली.

“आई, हलवू नकोस.”

“मी कुठे हलतेय? हाच श्वास घेतोय.”

साडेदहा सेंटिमीटर दबायला हवी. आठ दबली. ताईने तीनदा मापलं. मग कोपऱ्यातला पार्सलचा काटा ओढून आणला आणि त्याला त्यावर उभं केलं. वहीत, पडायच्या आधीच्या पानावर, त्याचं वजन एकाहत्तर होतं. काट्यावर चौसष्ट आलं.

“सात किलो,” आई म्हणाली. तिचा हात अजून हँडलवर होता. “रोज ताट वाढते मी. मला कसं दिसलं नाही?”

ताई मनात म्हणाली, तुझं राहू दे, माझं तर हेच काम. स्प्रिंग एकाहत्तर किलोंच्या माणसाची होती. तो माणूस आदल्या वर्षीच त्या उडीवर राहिला होता. उरलेल्या हलक्या माणसाला ती स्प्रिंग दर खड्ड्यात वर भिरकावत होती, आणि तो पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता, त्याच शब्दांत.

पुढचे चार दिवस दोघं वर्कशॉपबाहेर फारसे पडले नाहीत. फोर्कचं तेल काढलं तर भांडी धुतलेल्या पाण्यासारखं राखाडी निघालं, वास जळका. मागच्या शॉकखालच्या जोडातली बेअरिंग्ज उघडली तर ग्रीसऐवजी तांबडी भुकटी सांडली. भिंगरीने ती बोटावर घेतली, ताईला दाखवली, बोट पुसलं. बोलला नाही. बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

कपाटात मऊ स्प्रिंग होती ती बसवली. बेअरिंग्ज नवी. तेल नवं, दोन्ही नळ्यांत पट्टीने मोजून सारख्या उंचीवर. पुढचं चाक बसवताना ताईने आसाचे बोल्ट लगेच आवळले नाहीत. पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबली, नळ्या आपापल्या जागी सरळ बसल्या, मगच आवळले. वळणावर नाक आत शिरतंय असं तो म्हणायचा, म्हणून नळ्या हँडलखालच्या पकडीतून तीन मिलिमीटर खाली घेतल्या. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ती त्याला दाखवत होती आणि केल्यावर पुन्हा दाखवत होती. स्क्रू फिरवताना तो शेजारी बसून तिच्याबरोबर मोठ्याने मोजायचा. टिक, एक. टिक, दोन. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर वाटलं असतं, शाळा भरलीय.

पाचव्या दिवशी मैदानावर नेली. ताई कठड्याला टेकून उभी राहिली. लाटांची रांग होती, एकामागे एक बारा उंचवटे. गाडी त्यावरून गेली आणि ताई कठड्यावरून पुढे वाकली. मागचं चाक जमीन सोडत नव्हतं. उंचवटा आला की वर, खळगा आला की खाली, आणि वर गाडी अशी चाललेली की सीटवर भरलेला पेला ठेवावा. पहिलवान येऊन शेजारी उभा राहिला होता. तो म्हणाला, “ताई, काय केलंस गं हे? माझीही कर की.”

“तुझी कशी करू? तुझ्या वजनाला ट्रकची स्प्रिंग लागेल.”

तो गदागदा हसला. ताई हसताहसता थांबली, कारण गाडी मोठ्या उडीकडे वळली होती. सूर चढत गेला, चढत गेला, आणि तोंडाशी मान टाकली. आधीपेक्षा लवकर टाकली.

घड्याळात वेळ जुनीच होती. काट्यावर काटा.

भिंगरी आला, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

“कशी आहे?” तिने विचारलं.

“चांगली आहे.”

महिनाभर तो हाच शब्द तिच्याशी खोटं बोलायला वापरत होता. त्यामुळे आता तिला त्याचा काय अर्थ घ्यायचा कळेना. “खरं सांग. काही असेल तर आज होईल. मागचा एखादा क्लिक…”

“नको,” तो म्हणाला. “कशाला हात लावू नकोस.”

*

शर्यतीच्या दिवशी ऊन चांगलं होतं, माती ना सुकी ना ओली. कुणालाही दोष देता येणार नाही असा दिवस. चाळीस गाड्या एका ओळीत उभ्या राहिल्या, लोखंडी फाटक पडलं आणि सगळा कळप धुळीत शिरला. पहिल्या वळणातून भिंगरी अकरावा बाहेर आला. अकरावा! आई घरी होती; तिला हे बघायची छाती नव्हती. ताईने मनातल्या मनात तिला सांगितलं, अकरावा आहे गं.

दुसऱ्या फेरीत तो सतरावा होता. लाटांवर दोघांना मागे टाकायचा, गाडी तिथे नुसती पोहत होती, आणि मोठ्या उडीवर पाच जण त्याच्या डोक्यावरून जायचे. पण सतरावा म्हणजे वीसच्या आत. एवढंही टिकलं तरी पुरे होतं. ताईने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

तिसऱ्या फेरीत तो लाटांवरून आला, वळण घेतलं, उडीच्या रांगेला लागला. सूर चढलाच नाही. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, कडेच्या गवतात उतरली आणि उभी राहिली. तो पडला नव्हता. चाक निखळलं नव्हतं, साखळी तुटली नव्हती. इंजिन चालू होतं. त्याने बटण दाबून ते बंद केलं.

ताई कठड्याखालून वाकून पलीकडे गेली आणि धावत सुटली. पोचली तेव्हा तो गाडीवरच बसून होता, पाय जमिनीवर टेकलेले, हातमोजे काढत होता. एकेक बोट सोडवून, सावकाश.

“काय झालं रे? लागलं का? हात दुखतोय?”

“नाही.”

“मग? काही वाजलं का मागे? बेअरिंग…”

“ताई, गाडी चांगली आहे.” त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. हेल्मेटच्या आत त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “खरंच चांगली आहे. इतकी चांगली गाडी मी जन्मात चालवली नाही. नाव ठेवायला जागा नाही ठेवलीस तू. आधी मी त्या उडीसमोर यायचो तेव्हा वाटायचं, हात मागे येतोय, पण तो गाडीमुळे. मागून लाथ बसेल म्हणून येतोय. एकदा गाडी नीट झाली की जाईन. रोज वाटायचं, उद्या जाईन. आता नीट झालीय. तरी येतोय.” त्याने मोजे मांडीवर एकावर एक ठेवले. “आता कुणामुळे म्हणू?”

ताईला बोलायचं खूप होतं. पुढच्या गाड्या आल्या, एकामागून एक त्यांच्या डोक्याच्या उंचीवरून उडाल्या, पलीकडे आपटल्या, गेल्या. त्या आवाजात काही बोलणं शक्य नव्हतं.

झेंडेवाला गवतातून चालत आला. म्हातारा, कमरेला पिवळा झेंडा खोचलेला, हातात फळी आणि त्यावर कागद. कित्येक वर्षं तो याच उडीपाशी उभा राहायचा. आदल्या वर्षी स्ट्रेचर त्यानेच आणवलं होतं. त्याने भिंगरीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला.

“थांबलास का, ते लिहावं लागतं बाबा. गाडीत बिघाड?”

भिंगरीने मांडीवरचे मोजे उचलले.

“बिघाड असेल तर पुढच्या रविवारी उरलेल्यांची एक फेरी आहे, त्यात नाव घालतो. तिथून तिघं जण वर घेतात. स्वाराने आपणहून सोडली तर मात्र नाही, मग इथेच संपलं.” मग तो ताईकडे वळला. “मेकॅनिक तू ना? तूच सांग पोरी. गाडीत काही झालंय का? एका शब्दाचं काम आहे.”

म्हाताऱ्याने तो शब्द जवळजवळ तिच्या हातावर ठेवला होता. भिंगरी तिच्याकडे बघत होता. तिने त्याला बोट धरून चालायला शिकवलं होतं, तिला त्याची नजर वाचता येत होती. आत्ताच जे बोलला ते सगळं विसरून ती नजर म्हणत होती, हो म्हण. अजून सात दिवस. सात दिवस तो पुन्हा शेजारी बसून क्लिक मोजेल, आई तेवढेच सात दिवस ताट वाढेल, आणि सगळ्यांना वाटत राहील की कुठेतरी एखादा बोल्ट ढिला आहे. पण त्या नजरेआधीचं त्याचं बोलणं तिच्या कानांत होतं. इतक्या महिन्यांत त्या दोघांत झालेलं ते पहिलं खरं बोलणं. त्यावर तिने आता खोट्याची माती लोटायची?

“गाडी ठीक आहे,” ताई म्हणाली.

झेंडेवाला थांबला. “नक्की?”

“नक्की.”

त्याने कागदावर दोन शब्द लिहिले, फळी बगलेत धरली आणि जाताना भिंगरीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. बरोबर मोडलेल्या बाजूच्या खांद्यावर. त्याला ते आठवत असेल किंवा नसेल.

भिंगरी गाडीवरून उतरला. स्टँड नव्हतं, म्हणून हँडल ताईच्या हातात दिलं.

“इतके महिने नाही बोललीस,” तो म्हणाला. “आजच खरं बोलायचं होतं?”

तो उत्तरासाठी थांबला नाही. हेल्मेट न काढताच गवतातून कठड्याकडे निघाला. तिने हाक मारली नाही.

शर्यत अजून चालू होती. ताईने गाडी ढकलत कडेकडेने परत आणली. तिथे वर्षानुवर्षांच्या चाकांनी पडलेले खळगे होते, दगड होते, मुळं होती. गाडी त्या सगळ्यावरून अलगद चालली होती. खळगा आला की चाक खाली, दगड आला की वर, सीट मात्र तशीच सपाट, रिकामी.